कोपर हललं होतं का?

वहिनीचा फोन आला तेव्हा मी गवारीच्या शेंगा मोडत बसले होते. "शैलाताई, तुमचे दादा उठून नाही राह्यले," एवढंच ती म्हणाली, आणि मागून शेजारच्या कुणाचा तरी आवाज आला, "आधी डॉक्टरला लावा फोन." मला वाटलं, दादाला रात्री उशिरा झोप लागली असेल. खरंच तसं वाटलं. मी म्हणालेसुद्धा, "झोपू द्या त्याला वहिनी, दमला असेल." वहिनीने फोन ठेवला. मी आहे तशी निघाले... रिक्षात बसल्यावर पाहिलं तर एक शेंग हातातच राहिली होती. मस्तगडात दादाच्या गल्लीच्या तोंडाशी माणसं उभी दिसली, दाराबाहेर चपलांचा ढीग दिसला, तेव्हा कुठे ती काय सांगत होती ते माझ्यापर्यंत पोचलं.

माझा भाऊ प्रल्हाद गेला त्याला आता काही आठवडे झालेत. जालन्यात त्याला प्रल्हाद सर म्हणून ओळखणारे पुष्कळ. शाळेत पीटीचा मास्तर, सकाळ-संध्याकाळ वेटलिफ्टिंगचा प्रशिक्षक आणि स्पर्धा असली की पंच. त्या दिवशी त्याच्या घरी ओसरीवर दोन माणसं माझ्या शेजारी बसली होती. एक त्याचे शाळेतले जुने सहकारी. ते डोळे पुसत म्हणाले, "सरांना नवीन नियम अजिबात पटायचे न्हाईत. जुनं तेच खरं म्हणायचे." दुसरा एक तरुण पंच होता. तो म्हणाला, "नवा नियम आला की सर सगळ्यांच्या आधी आम्हाला समजावून सांगायचे. आमच्यात सगळ्यात नवे तेच होते." दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, पण अशा वेळी वाद कोण घालणार? मी दोघांनाही मान डोलावली. दोघं खरं बोलत होते. आणि मला त्या गर्दीत पहिल्यांदा वाटलं, की ज्याच्याबरोबर मी लहानाची मोठी झाले, त्याचं नेमकं म्हणणं काय होतं हे मला सांगता येणार नाही.

आम्ही हसनाबादचे. वडील शेती करायचे, घरात खाऊन-पिऊन सुखी. दादा कॉलेजला जालन्यात आला आणि मस्तगडात खोली घेऊन राहिला. त्या खोलीच्या मागेच एका बंद तेलघाण्याच्या जागेत एक म्हातारे उस्ताद पोरांना वजन उचलायला शिकवायचे. दादा आधी नुसता बघायला जायचा. दिवाळीला घरी आला तेव्हा त्याने ओसरीवरचं ज्वारीचं पोतं झटक्यात डोक्यावर नेलं. आई घाबरून ओरडली आणि वडील शांतपणे म्हणाले, "ठेव खाली, ज्वारी सांडल." दादाने जपून पोतं खाली ठेवलं आणि आम्हाला पहिलं भाषण दिलं. नुसतं वर नेणं म्हणजे उचलणं नाही, ते कसं न्यायचं याचे नियम असतात... वडील म्हणाले, "वर गेलं का न्हाई एवढंच बघायचं असतंय." मला आज वाटतं, दादाचा पहिला वाद तो असावा. पुढे आयुष्यभर तो कधी स्वतःच्या बाजूने बोलला, कधी वडिलांच्या.

उस्तादांचं दुःख वेगळंच होतं. त्यांच्या तरुणपणी वेटलिफ्टिंगमध्ये 'प्रेस' नावाचा एक प्रकार असायचा. खांद्यावर घेतलेलं वजन पाय न हलवता नुसत्या हातांच्या जोरावर वर न्यायचं. उस्ताद त्यात पटाईत. पण लोक वजन वर नेताना पाठीतून मागे वाकायला लागले, आणि किती वाकलं म्हणजे जास्त वाकलं हे पंचांना ठरवता येईना. शेवटी दादा जालन्यात यायच्या थोडंच आधी तो प्रकार ऑलिंपिकमधून, सगळीकडूनच, काढून टाकला गेला. उस्ताद म्हणायचे, "नियम बदल्या, तो क्या मेरी ताकद झूठी हो गई?" दादा हे सांगताना दर वेळी हळवा व्हायचा. आणि लगेच पुढे म्हणायचा, "पण काढला ते बराबरच केलं. जे पंचाला बघता येत न्हाई, ते नियमात ठेवायचंच कशाला?" उस्तादांसाठी डोळ्यांत पाणी आणि उस्तादांच्या विरुद्ध मत, दोन्ही एकाच वेळी. त्यात त्याला काही वावगं वाटायचं नाही.

तो स्वतः चांगला खेळाडू होता, फार मोठा नाही. विद्यापीठाच्या एका स्पर्धेत तो आणि दुसरा एक मुलगा अगदी बरोबरीत आले. तेव्हाच्या नियमाप्रमाणे बरोबरी झाली तर ज्याचं स्वतःचं वजन कमी तो जिंकायचा. दादा किंचित भारी भरला आणि हरला. पुष्कळ वर्षांनी तो नियमच गेला. आता ज्याने ते वजन आधी उचललं तो पुढे. ही बातमी कळली तेव्हा आम्हाला वाटलं, दादा पेढे घेऊन येईल. तो आला, पण तावातावाने. माझ्या सासूबाई तेव्हा होत्या. त्यांच्यापुढे त्याने आमचा पाण्याचा हंडा ठेवला. "मावशी, हा भरलेला हंडा तुम्ही उचलला आन् हाच मी उचलला. कौतुक कुणाचं?"

"माझंच की," सासूबाई म्हणाल्या. "तू तर रेडा हाईस."

"बघ शैला! मावशीला कळतंय, त्यांना कळंना."

मी म्हणाले, "पण दादा, त्याच नियमानं तू हरला होतास ना?"

"हरलो म्हणून काय झालं? नियम बराबर होता."

रफिकभाई बरोबर आले होते. हे दादाचे उस्तादांकडचे जोडीदार; जुन्या मोंढ्याकडे त्यांचं मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान आहे, आणि दादाबरोबरच तेही पंचाची परीक्षा पास झालेले. ते हसून म्हणाले, "शैलाबहन, देखो इनका. जो नियमनं इनको हराया, उसीच के वकील बनके बैठे!" सगळे हसले. दादाही हसला, पण जरा वेळाने.

आता मी ज्या गोष्टीसाठी लिहायला बसले तिच्याकडे येते. लिहून काढलं तर मला कळेल असं वाटतं आहे.

माझा मुलगा अमोल लहानपणी हसनाबादला सुट्टीत चिंचेवरून पडला. डाव्या कोपराचं हाड मोडलं. ते जुळलं, पण जरा वाकडं. हात सगळी कामं करतो, फक्त कोपर पूर्ण सरळ होत नाही. बघणाऱ्याला पटकन लक्षातही येणार नाही. शाळेत असतानाच त्याला मामाच्या व्यायामशाळेचं वेड लागलं. दादा सुरुवातीला नको म्हणत होता. कारण वजन डोक्यावर नेल्यावर दोन्ही हात ताठ दिसले पाहिजेत, हा या खेळातला मुख्य नियम. मग एक दिवस तो संध्याकाळी घाईघाईने आमच्याकडे आला, अमोलला जवळ बसवलं आणि म्हणाला, "आरं, तुझ्यासाठी नियमात सोय हाये! ज्याचं कोपर मुळातच सरळ होत न्हाई, त्यानं स्पर्धेच्या आधी पंचांना हात दाखवायचा. मंग पंच ते धरून चालतात." एखाद्या यादीत भाच्याचं नाव सापडावं तसा त्याला आनंद झाला होता.

अमोल मामाच्या हाताखाली तयार झाला. जिल्ह्याच्या, विभागाच्या स्पर्धा तो जिंकत गेला. दर वेळी आधी पंचांपुढे उभं राहून बाही वर करायची, हात लांब करून दाखवायचा. मी त्यात काही विशेष पाहिलं नाही. चष्मा असणारा चष्मा लावतो, तसंच ते. असं मला वाटायचं.

त्या वर्षी राज्य स्पर्धा जालन्यातच होती. अमोल कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. हे आणि मी पुढच्या रांगेत बसलो होतो. दादाने आयोजकांना आधीच सांगून ठेवलं होतं की भाच्याच्या वजनगटाला मला बसवू नका. पण ऐन वेळी बाहेरगावच्या एका पंचांची गाडी वाटेत बिघडली आणि समोरच्या, मधल्या खुर्चीत दादालाच बसावं लागलं. उजव्या बाजूला रफिकभाई, डाव्या बाजूला परगावचे एक पंच. तिघांपुढे दोन-दोन बटणं असतात, पांढरं आणि लाल. दोन पांढरे दिवे लागले की उचल मान्य.

अमोलची शेवटची उचल उरली होती. ती मान्य झाली असती तर तो राष्ट्रीय स्पर्धेच्या संघात गेला असता. त्याने रॉड खांद्यावर घेतला, क्षणभर थांबला, आणि पाय फाकवून एका झटक्यात वर नेला. पाय जवळ आणले. उभा राहिला. सगळा हॉल ओरडला. हे तर खुर्चीवरून उठलेच. मग दिवे लागले. रफिकभाईंचा पांढरा. परगावच्या पंचांचा लाल. आणि मधला... मधलाही लाल.

वजन वर गेल्यावर हात वाकून पुन्हा ढकलला गेला तर ती उचल बाद धरतात. जे काय वर न्यायचं ते एका दमात, वर गेल्यावर कोपर हलायला नको. आम्ही सगळ्यांनी असंच धरलं की अमोलने हात नेहमीप्रमाणे आधी दाखवलेला आहे, म्हणजे कोपर वाकडं आहे हा प्रश्नच नाही. प्रश्न एवढाच, की ते हललं का? मला तिथून काही दिसलं नव्हतं. मला फक्त माझ्या मुलाचा चेहरा दिसला होता, आणि तो दिव्यांकडे न बघता मामाकडे बघत होता.

त्यानंतर अमोल व्यायामशाळेत गेला नाही. पट्टा, बूट, सगळं माळ्यावर गेलं. शिक्षण संपवून तो पुण्याला कंपनीत लागला. मामाशी भांडला नाही. दसऱ्याला फोन करायचा, तब्येतीची चौकशी करायचा, लग्नात मामाच्या पाया पडला. फक्त वजन, रॉड, स्पर्धा हा विषय दोघांमध्ये पुन्हा कधी निघाला नाही. यांनी मात्र दादाच्या घरी जाणं जवळजवळ सोडलं. "सख्खा मामा असून..." एवढं म्हणून ते थांबायचे. पुढचं मला ठाऊक असल्यासारखं. मला पुढचं ठाऊक नव्हतं. सख्खा मामा असून लाल दिला हे वाईट, की सख्खा मामा असून पांढरा दिला असता तर ते वाईट?

त्या स्पर्धेच्या वर्षी भाऊबीजेला मी एकटीच गेले. पाटाभोवती वहिनीने रांगोळी काढली होती. मी दादाला ओवाळलं, आणि ताट हातात असतानाच विचारलं, "दादा, कोपर हललं होतं का?"

"आधी ताट ठेव खाली. हात भाजंल."

मी ठेवलं. "आता सांग."

"मला तसं दिसलं."

"दिसलं म्हणजे हललं का?"

दादाने वाकून निरांजनाची वात पुढे केली. मग म्हणाला, "हललं." आणि लगेच, "वहिनीनं करंज्या केल्यात बघ, दोन-चार घरी घेऊन जाय." मी करंज्या घेऊन आले. यांनी खाल्ल्या नाहीत. मी खाल्ल्या.

पुढची कित्येक वर्षं दादाच्या व्यायामशाळेत संध्याकाळी एकच वाद चालायचा, असं रफिकभाई सांगतात. कोपराचा नियम राहावा का जावा? मुलं सराव करून बसलेली असायची, कुणीतरी चहा सांगायचा, आणि दादा सुरू व्हायचा. एखाद्या दिवशी म्हणायचा, "प्रेस का काढला? पंचाला ठरवता येईना म्हणून. मंग हे कोपर तरी कुठं ठरवता येतंय? डोळ्याचं पातं लवंस्तोवर सगळं होतं. काढून टाका. वर गेलं, उभा राह्यला, संपलं." दुसऱ्या दिवशी कुणी तेच बोललं तर त्यालाच झापायचा. "म्हणजे कसंबी ढकलून वर न्या म्हणा की! मंग ह्यात खेळ काय राह्यला?" मुलं बुचकळ्यात पडायची. रफिकभाई म्हणायचे, "प्रल्हादभाई, आज कौनसी तरफ हो वो पहले बोल दो, हम दूसरी तरफ बैठते."

मला वाटायचं, हा लोकांना खेळवतो आहे. मास्तरांना तशी सवय असते. पण काही महिन्यांपूर्वी पंचांचा एक उजळणी वर्ग इथे झाला. वहिनीचे गुडघे धरलेले, आणि दादाचं रक्तदाबाचं चाललेलं, म्हणून तिने मला त्याच्याबरोबर पाठवलं. मी मागच्या रांगेत बसले. बाहेरून आलेले एक अधिकारी गेल्या काही वर्षांतले बदल समजावून सांगत होते. वजनगट कसे पुन्हा पुन्हा बदलले, पंचांच्या निर्णयावर आता पडद्यावर परत बघून दाद कशी मागता येते, वगैरे. मग त्यांनी चर्चेला विषय ठेवला: कोपराचा नियम सैल करावा का? सगळ्यांच्या माना दादाकडे वळल्या. या माणसाने सख्ख्या भाच्याला लाल दिला होता, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. हा नियमाच्या बाजूनेच बोलणार.

दादा उठला आणि नियमाविरुद्ध बोलला. इतकं चांगलं बोलला की मी खुर्चीत पुढे सरकून ऐकायला लागले. म्हणाला, पोरगं वर्षानुवर्षं घाम गाळतं, आणि आपण तीन माणसं खुर्चीवर बसून एक कोपर बघतो. माझा डोळा एक सांगतो, शेजारच्याचा दुसरं सांगतो. मंग खरं काय? दोनजण चुकले तर एकजण बरोबर असला तरी हरतो... लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या चालू असतानाच दादाने हात वर करून त्या थांबवल्या. "पण मंग," तो म्हणाला, आणि तितक्याच जोरात उलट बाजू मांडायला लागला. नियम नसला तर हात ताठ ठेवून स्वच्छ उचलणाऱ्या पोराचं काय? त्याला आपण काय सांगणार? खोलीत चुळबुळ सुरू झाली. कुणीतरी हसलं. शेवटी हात वर करून मत घेतलं, तेव्हा दादाने कुठल्याच बाजूला हात वर केला नाही.

"सर, तुमचं मत?" त्या अधिकाऱ्यांनी नम्रपणे विचारलं.

दादा म्हणाला, "खुर्चीत बसलो का मला नियम पाह्यजे. घरी आलो का नको वाटतो."

परत येताना रिक्षात तो वर्गात मिळालेल्या कागदांची घडी करत बसला होता. बाहेर ऊन उतरलं होतं, भाजीवाल्यांच्या गाड्या लागत होत्या. एकदम म्हणाला, "शैला, मी चुकलो आसं वाटतं का तुला?" इतक्या वर्षांत त्याने तो विषय स्वतः पहिल्यांदा काढला. मी म्हणाले, "तू म्हणाला होतास ना, हललं म्हणून?" तो म्हणाला, "हां. म्हणाल्तो." पुढे काही बोलेल म्हणून मी वाट पाहिली... रिक्षावाल्याने विचारलं, "डावीकडं घेऊ का?" आणि दादा त्याला घराचा रस्ता सांगायला लागला.

तो गेल्याच्या तिसऱ्या दिवशी रफिकभाई आले. वहिनीपाशी बसले, मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "शैलाबहन, एक बात बोलूं? उस दिन मेरे को कुछ हिलता नहीं दिखा. मैं बाजू में था, मेरे को वो कोपर एकदम साफ दिखता था. मैंने सफेद दिया. बाद में एक बार प्रल्हादभाई मेरे को बोले, 'रफिक, शायद मेरे को भी नहीं दिखा.'" मी विचारलं, "मग लाल का दिला?" रफिकभाईंनी दोन्ही हात पसरले. "वोच तो पूछा मैंने. चुप बैठे."

म्हणजे मला तो हललं म्हणाला आणि रफिकभाईंना बहुतेक हललं नाही म्हणाला. मला त्या दिवशी दादाचा राग आला. गेलेल्या माणसावर रागावणं फार अवघड असतं, कुठे ठेवायचा तो राग तेच कळत नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासत बसले.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. अमोल रजा काढून थांबला होता. दुपारी आम्ही दोघंच दादाच्या घराच्या गच्चीवर धुतलेल्या सतरंज्या वाळत घालत होतो. मी त्याला रफिकभाईंचं बोलणं सांगितलं. मला वाटलं तो चिडेल. तो सतरंजीचं टोक धरून तसाच उभा राहिला.

"आई, मी त्या दिवशी हात दाखवला नव्हता."

"म्हणजे?"

"स्पर्धेआधी आमची वजनं करत होते तेव्हा मामा आले होते माझ्याकडं. हात दाखवून ये म्हणाले. मी नाही म्हणालो." त्याने सतरंजी दोरीवर टाकली. "मला लाज वाटायची गं. दर वेळी बाही वर करा, सगळी पोरं बघणार. नंतर जिंकलं की कुणीतरी म्हणायचंच, ह्याला सूट असती. मी मामांना म्हणालो, मला सूट नको. मला सगळ्यांसारखं बघा."

"मग? काय म्हणाला दादा?"

"म्हणाले, 'बघ बरं. मंग खुर्चीत मी आसलो तरी सगळ्यांसारखंच बघीन.' तेव्हा त्यांना कुठं माहीत होतं खुर्चीत तेच बसणार म्हणून."

मी पायरीवरच बसले. हात दाखवलेला नसेल तर वाकडं कोपर म्हणजे अपुरी उचल. हललं काय, न हललं काय, लालच. दादाने लाल दिला तो यासाठी? मग मला "हललं" असं का सांगितलं? पोराने हात लपवला हे त्याच्या आईला कळू नये म्हणून? की खरंच हललं होतं? आणि रफिकभाईंनी पांढरा दिला, कारण त्यांना वाटलं पोराने नेहमीसारखा वजन करतानाच तिथल्या पंचांना हात दाखवलेला आहे...

"अरे, मग इतकी वर्षं बोलला का नाहीस तू?" मी म्हणाले. "तुझ्या बाबांनी दादाकडे जाणं सोडलं, तेव्हा तरी?"

"मला वाटलं मामा सांगतील," अमोल म्हणाला. "मामांना वाटलं असेल मी सांगीन. मग लई दिवस झाले... नंतर कसं सांगायचं?"

"आणि कोपर? हललं होतं का तुझं?"

अमोल माझ्याकडे असा बघत राहिला, की जणू हे त्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. "मला नाही माहीत आई. खरंच. वर वजन असलं की कळत नाही."

घरी येऊन मी हे सगळं यांना सांगितलं. ऐकून हे उठले, पाणी प्यायले. मग म्हणाले, "पण तरीबी पांढरा देता आला असता." आणि थोड्या वेळाने, आपलंच आपल्याशी, "कसा देणार म्हणा. पोरानंच मागितलं होतं तसं." त्या रात्री ते नीट जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून, मला न सांगता, वहिनीकडे जाऊन आले.

मला मात्र अजून उलगडा होत नाही. कधी वाटतं, दादाने भाच्याला दिलेला शब्द पाळला आणि त्याबद्दलचा दोष आयुष्यभर अंगावर घेतला. असं वाटलं की रडू येतं. मग वाटतं, तसं असेल तर रिक्षात मला "चुकलो का" असं का विचारलं? ज्याला आपण का केलं ते पक्कं माहीत असतं, तो असं विचारतो का? कदाचित त्याने त्या क्षणी बटण दाबलं आणि कारण नंतर शोधत राहिला. एक दिवस या बाजूने, एक दिवस त्या बाजूने. ज्यांनी मला विचारलं, सर नियम बदलण्याच्या विरुद्ध होते की बाजूने, त्यांना मी आता सांगते, मला माहीत नाही. तो दोन्हीकडे खराच होता एवढं मी पाहिलं आहे.

अमोल पुण्याला परत जायच्या आदल्या दिवशी वहिनीने त्याला व्यायामशाळेची किल्ली दिली. सराव करणाऱ्या मुलींची निवड स्पर्धा जवळ आलेली, रोज येऊन बंद दार बघून परत जात होत्या. मी त्याच्याबरोबर गेले. आत तेच सगळं होतं. भिंतीला टेकवलेल्या प्लेटा, खडूची पूड, रबराचा वास. लाकडी फळ्यांच्या चौथऱ्यासमोर दादाची लोखंडी खुर्ची. बसायला दुसरं काहीच नव्हतं, म्हणून मी तिच्यावर बसले. ती बसताना एका बाजूला जरा झुकते. मुली हाताला खडू लावत होत्या, आपसात हळू बोलत होत्या. अमोल रॉडपाशी उभा राहिला. मला वाटलं, तो फक्त साफ करतो आहे. मग त्याने दोन लहान प्लेटा चढवल्या, चप्पल काढली, वाकला, आणि त्याच्या मामाने शिकवलं होतं तसा, खांद्यावर घेऊन, थांबून, वर नेला.

मी त्याच्या इतक्या समोर कधीच बसले नव्हते. हॉलमध्ये आम्ही नेहमी लांब असायचो. डावं कोपर तसंच होतं, जरासं वाकलेलं. मी डोळे बारीक करून बघायला लागले. ते हलत होतं? की नुसतं थरथरत होतं, इतक्या वर्षांनी भार पडला म्हणून? मी टक लावून पाहिलं. आता वाटे हललं, आता वाटे नाही...

अमोल रॉड वर धरून तसाच उभा. मुलीही गप्प झाल्या आणि माझ्याकडे बघायला लागल्या. काय चुकलं ते मला कळेना. त्याच्या कपाळावर घाम आला, हात जास्तच कापायला लागले, तरी तो वजन खाली टाकेना.

"काकू," एक मुलगी हळूच म्हणाली, "तिथं बसणाऱ्यानं सांगावं लागतं. तोवर खाली न्हाई आणता येत."

"आई, म्हण की," अमोल वरूनच म्हणाला.

मी म्हणाले, "खाली."